खुडूक कोंबडी पुन्हा अंड्यावर कशी आणाल?

हैदराबादच्या तारनाक्यात काय किंवा आणखी कुठे, परसात चार कोंबड्या पाळल्या की एखादी खुडूक बसतेच. ती खुराड्यातून हलत नाही, पिसं फुलवते, हात नेला की टोचते. हा आजार नव्हे, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा परिणाम आहे.

पिल्लं हवी असतील तर 21 दिवस तिला खुशाल अंडी उबवू द्या. नको असतील तर लगेच उपाय करा, कारण खुडूक असेतोवर अंडी बंद राहतात आणि खाणं कमी झाल्याने कोंबडी खंगते.

अंडी रोजच्या रोज उचला. तळाला जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून उंच, उजेडात पण सावलीला ठेवा आणि कोंबडीला त्यात तीन-चार दिवस राहू द्या. आत भुसा, गवत घालू नका. पोटाला वारा लागला की उबवण्याची ओढ ओसरते. दाणा-पाणी मात्र भरपूर द्या. नाकात पीस घालणं, पाण्यात बुडवणं हे क्रूर उपाय कृपया टाळा.

हैदराबादमध्येच, राजेंद्रनगरच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी वनराजा आणि ग्रामप्रिया हे पक्षी तयार केले. ते सहसा खुडूक बसत नाहीत. तरी एखादी देशी कोंबडी जरूर ठेवा. पिल्लं उबवावीत तर तिनेच.