सुई कोणाला टोचते?

(सानगडी, ता. साकोली, जि. भंडारा येथील भाषणाचा मजकूर)



सानगडीच्या पंचक्रोशीत कावीळ म्हटली की गढूळ पाणी, पथ्य आणि गळ्यात घातलेली माळ आठवते. पाण्यावाटे पसरणारी कावीळ खरीच आहे. परंतु यकृताला ग्रासणारे ब आणि क हे विषाणू रक्तावाटे पसरतात आणि लागण झालेल्या माणसाचे डोळे पिवळे दिसतीलच असे नाही. म्हणून रुग्णालयात कोणाचेही रक्त संसर्गजन्य मानूनच हाताळावे, हा पहिला नियम.

लस न घेतलेल्या माणसाला ब विषाणूने दूषित सुई टोचली, तर शंभरांपैकी सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत हे प्रमाण हजारात तीनच्या आसपास आहे. शिवाय ब विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. म्हणजे इंजेक्शन देणारे हात बाजूला झाले, तरी धोका फरशी पुसणाऱ्या, चादरी धुणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतोच. हे हात बहुधा कंत्राटी असतात.

क विषाणूवर लस नाही. औषधाने तो बहुतेकांत बरा होतो. ब विषाणूवर मात्र लस आहे. पहिली मात्रा, एका महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. परदेशी लस महाग होती, तेव्हा खर्चाची सबब चालत असे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि किंमत झपाट्याने उतरली. आज ती सबब उरलेली नाही.

कायदाही स्पष्ट आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि हा कचरा हाताळणाऱ्या इतर सर्वांना ब कावीळ व धनुर्वाताविरुद्ध लस देणे, प्रशिक्षण व संरक्षक साधने पुरविणे आणि वर्षातून निदान एकदा आरोग्यतपासणी करणे ही संस्थाचालकाची जबाबदारी आहे. ‘ती बाई कंत्राटदाराची आहे’ एवढे सांगून ती टळत नाही. सुयांसाठी न टोचणारा पांढरा डबाही याच नियमांनी ठरविला आहे. वापरलेली सुई मोकाट सुटली म्हणजे काय होते, हे २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा परिसराने पाहिले. सुया व सिरिंज पुन्हापुन्हा वापरल्याने तेथे ब काविळीची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले.

सुई टोचलीच, तर जखम पिळू नये. साबण-पाण्याने धुवावी आणि ताबडतोब कळवावे. लस न घेतलेल्यास दूषित सुई टोचली असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, शक्यतो चोवीस तासांच्या आत. परंतु ज्याची नोकरी महिन्यामहिन्याच्या मर्जीवर आहे, तो बोलायला धजत नाही. मोलाचे तास भीतीपोटी निघून जातात. असुरक्षित नोकरी रोगाला अशी साथ देते. म्हणून लसीची मागणी आणि कायम नोकरीची मागणी एकाच निवेदनात आली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आरोग्यकेंद्रात केवळ औषधांचा साठा पाहून परतू नये. सफाई कामगाराच्या तिन्ही मात्रा झाल्या का? सुईचा डबा जागेवर आहे का? जाड हातमोजे मिळतात का? रात्री सुई टोचली तर कळवायचे कोणाला? या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत, आणि ती मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.