काशीतील वृद्धा आणि जलरंग



कार्तिकातल्या पहाटे वाराणसीच्या पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकाशी आकाशदिवे तेवत असतात आणि पायऱ्यांवर स्नानाला आलेल्या वृद्ध स्त्रिया दिसतात. मरण काशीत यावे या श्रद्धेने पिढ्यान् पिढ्या विधवा येथे येऊन राहिल्या. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागात मराठी घराण्यांची जुनी वस्ती. त्यामुळे बंगाली विधवेच्या पांढऱ्या साडीबरोबर मराठी विधवेचे तांबडे आलवणही या पायऱ्यांनी पाहिलेले आहे. दूरून हे दृश्य चित्रकाराला मोहविते. त्यांतील एकीचेच व्यक्तिचित्र जलरंगात करावयाचे ठरविले, की मात्र त्याची कसोटी लागते.

पारदर्शक जलरंगात उजेड रंगवीत नाहीत, राखतात. पांढरी साडी म्हणजे न रंगविलेला कागद. रंगवावयाची ती तिच्या चुण्यांतील सावली. चेहऱ्याचेही तसेच. एकेक सुरकुती रेघेने ओढली, तर चेहऱ्याचा नकाशा होतो. पण डोळ्यांच्या खोबणीतील आणि गालाखालील छाया ओल्या रंगात नेमकी उतरली, की वय आपोआप दिसू लागते. रंग वाळल्यावर पुन्हा पुन्हा घासला, तर तो मळतो. म्हणून कुंचला टेकविण्यापूर्वी पुष्कळ वेळ पाहावे लागते.

सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास हातात दिवा घेतलेल्या तरुणीचे जलरंगचित्र केले. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हे चित्र अनेकांना रविवर्म्याचे वाटते. चित्रासाठी उभी राहिली होती ती त्यांची कन्या गीता. ती शंभरी ओलांडून २०१८ साली निवर्तली, तेव्हा त्या दिव्यामागचा चेहरा कोणाचा, हे जगाला ठाऊक होते.

काशीच्या वृद्धांना हे भाग्य क्वचितच लाभले. १९६० साली चित्रकार रामकुमार हे पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्यासमवेत काशीला गेले. तोवर शहरातील उदास माणसे हा रामकुमारांचा विषय होता. काशीनंतर त्यांच्या चित्रांतून माणूस मावळत गेला. उरली ती दाटीची घरे, घाट आणि पाणी. त्या चित्रांचे थोरपण वादातीत आहे. परंतु पायरीवर बसलेली आजी त्यांत दिसत नाही.

‘काशीची विधवा’ असे चित्राखाली लिहिले, की ती वृद्धा एक प्रतीक होऊन जाते. तिची अनुमती विचारावी, तिचे नाव आणि गाव विचारावे, जपाची माळ पूर्ण होईपर्यंत थांबावे, आणि चित्र झाल्यावर ते प्रथम तिलाच दाखवावे. तिने ते पाहून “ही मीच” असे म्हटले, तर व्यक्तिचित्र साधले.