गिटारसाठी रोजची १५ मिनिटं

"या वयात गिटार?" असं आम्हालाही विचारलं गेलं. आम्ही म्हटलं, वयाचं काय, रोज १५ मिनिटं हवीत.

पाश्चात्त्य शास्त्रीय गिटारला ६ तारा असतात. बारीक ३ नायलॉनच्या, जाड ३ वर धातूचा वेढा. हिला स्टीलच्या तारा लावू नका, ताणानं पट्टी उखडते. खुर्चीवर बसा, डाव्या पायाखाली पाट घ्या, गिटार डाव्या मांडीवर. डाव्या हाताची नखं कापा. अंगठ्यानं जाड तारा छेडा, बोटांनी बारीक. आधी मोकळ्या तारा, मग एकेक सूर. बोटं दुखली की थांबा, उद्या पुन्हा धरा. खुरपं धरणाऱ्या हातांना हे जड नाही. अवघड आहे ते वेळ काढणं. ती १५ मिनिटं घरात सांगून ठेवा, बायांनो. ती आपली!