घरात मांजरी आणि ससे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पाककृती व भरतकाम यांवर बोलणाऱ्या जाणकार भगिनी आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. मला मात्र चिटणीसबाईंनी बजावले, "तुम्ही सशांवरच बोला." आमच्या घरी दोन मांजरी व दोन ससे एका छपराखाली नांदतात, आणि ते पाहून आळीतील मुले आयांपाशी सशासाठी हट्ट धरून बसली आहेत. त्या हट्टाला होकार देण्यापूर्वी काय जाणून घ्यावे, तेवढेच सांगते.

रानातला आणि पाळीव, दोघांनाही आपण ससाच म्हणतो. पण जाती निराळ्या. आपल्या माळावरच्या सशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याचे पिल्लू एकटे दबून बसलेले दिसले तरी ते टाकलेले नसते. उचलून आणू नये. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा.

आता मांजराचे. मनी कितीही गुणी असली तरी ससा उधळून धावला की तिचे अंग झेपेच्या तयारीत येते. त्यात तिचा काय दोष? म्हणून ओळख करून द्यावयाची ती बेताबेताने. आमच्याकडे पहिले कित्येक दिवस मध्ये मजबूत जाळी होती, आणि जाळीची भोके मांजराचा पंजा आत जाणार नाही इतकी बारीक. एकाच्या अंथरुणातले फडके दुसऱ्याच्या जागी ठेवायचे, म्हणजे वास ओळखीचा होतो. मनी जाळीपाशी येऊन जांभई देऊ लागली आणि ससे तिच्यादेखत निवांत खाऊ लागले, तेव्हाच जाळी उघडली, तीही मी समोर बसून. सशाला लपण्यासाठी खोके द्यावे, पण त्याला दोन दारे असावीत. एकच दार असले आणि त्यात मांजर बसले, तर तो कोंडलाच म्हणायचा! सशाने मागचा पाय धपकन आपटला की त्याला भीती वाटली असे समजावे. आजही आम्ही बाहेर जाताना आणि रात्री निजताना दोघांना वेगळे कोंडतो. सशाची पिल्ले असतील तर मांजराला त्या खोलीची वाटही दाखवू नये.

आमच्या ओळखीच्या एका घरी मांजराची नखे सशाला पुसटशी लागली. रक्ताचा एक थेंब, म्हणून हळद लावून सोडून दिले. तिसऱ्या दिवशी ससा गेला, आणि त्या घरची धाकटी मुलगी दोन दिवस जेवली नाही. मांजराच्या तोंडातले व नखांवरचे जंतू सशाच्या जिवावर बेततात. ओरखडा केवढाही असो, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. घरातल्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. पेनिसिलिनच्या जातीची औषधे पोटात गेली की सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि औषधच घात करते. तसेच पिसवांसाठी मांजराच्या मानेवर लावतात ते फिप्रोनिल सशाला विषारी आहे. मांजराला ते लावले असेल तर वाळेपर्यंत तिला सशाजवळ येऊ देऊ नये.

खाण्याचे म्हणाल, तर ससा गाजरावर जगतो हे चित्रांच्या पुस्तकातले. त्याचे मुख्य अन्न वाळलेले गवत. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. जोडीला थोडी कोथिंबीर, मुळ्याचा पाला, हरळी. गाजराचा तुकडा कधीमधी. पोळी, बिस्किटे, कांदा नको. ससा दुखले तरी ओरडत नाही, खाणे सोडतो. दहा-बारा तास त्याने तोंड लावले नाही तर सकाळची वाट पाहू नये. उन्हाळा त्याला सोसत नाही. उचलताना कान धरू नयेत, मागचे पाय तळहातावर घ्यावेत. लाथ झाडली तर कण्याला इजा होते.

आणखी एक. विकणारा "दोन्ही माद्याच आहेत" म्हणेल, त्यावर विसंबू नका. गर्भ अवघा ३१ दिवसांचा, आणि व्यालेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. डॉक्टरांकडून खात्री करून शस्त्रक्रिया करून घ्यावी. आमच्या चौघांचीही केली आहे, आणि तेव्हापासून बोका पुष्कळ शांत आहे.

सुट्टीत गावाला जाताना मांजरीला दोन वेळचे खाणे घालणारी शेजारीण मिळते. सशांसाठी मात्र गवत, पाणी, खोलीचा गारवा आणि मनीवर नजर, इतके सगळे पाहणारे माणूस लागते. येत्या मे महिन्यात आमच्या घराची किल्ली कोण घेणार, हे मी चहाच्या वेळी आपल्यापैकीच कुणाला तरी विचारणार आहे!