चतुःसीमा वाचतांना

घरांतील जुनी पेटी उघडली, कीं तळाशीं एखादें पिवळें पडलेलें खरेदीखत हातीं लागतें. आपण त्यांतील रक्कम व सह्या पाहतों आणि घडी घालून ठेवतों. मधला मजकूर रुक्ष म्हणून सोडून देतों. पण मिळकत कोणती, हें तोच सांगतो.

प्रथम जिल्हा, तालुका व मौजे. मग सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र व आकार. आपल्याकडील ही मोजणी गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत आरंभिली. गुंठा म्हणजे 33 फूट लांब व तितकीच रुंद जागा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. सातबाऱ्यावर आतां हेक्टर व आर असतात. आर म्हणजे 100 चौरस मीटर. गुंठा त्याहून किंचित् मोठा, सुमारें 101.17 चौरस मीटर. दोन्ही एकच समजून हिशेब केल्यास मोठ्या क्षेत्रांत फरक पडतो.

यानंतर चतुःसीमा. मिळकत ओळखतां यावी असें वर्णन दस्तांत असावें, हें 1908 च्या नोंदणी कायद्यानेंच सांगितलें आहे.

माझ्या धाकट्या बहिणीनें पतिनिधनानंतर 3 एकर 10 गुंठ्यांच्या नंबरापैकीं 1 एकर विकला. मसुदा तिनें विश्वासानें माझ्यापुढें ठेवला. जन्मभर वह्या तपासलेला मी! मीं त्यांतील ऱ्हस्वदीर्घ तेवढे सुधारले. लिहिणारानें चतुःसीमा जुन्या खतावरून जशाच्या तशा उतरविल्या होत्या; म्हणजे क्षेत्र एका एकराचें, पण सीमा सबंध नंबराच्या. पुढें लिहून घेणार कुंपण घालावयास आले, ते थेट पलीकडच्या ओढ्यापर्यंत. वकिलांकडे गेलों, तेव्हां कळलें, कीं क्षेत्र आणि निश्चित सीमा यांत विरोध आल्यास न्यायालयें सामान्यतः सीमांना अधिक मान देतात. त्या रात्रीं मला झोप आली नाहीं.

वास्तविक एकच ओळ हवी होती: 'पश्चिमेस याच नंबरापैकीं लिहून देणार यांची राहिलेली जमीन.' नंबराचा तुकडा विकतांना ही ओळ व मोजणीचा नकाशा अवश्य पाहावा. शेजाऱ्याच्या नांवासह त्याचा सर्व्हे नंबरही घालावा. शेजारी जमीन विकतो, आंब्याचें झाड वठतें, नंबर सहसा शोधतां येतो. शहरांतील मंडळींनीं सर्व्हे नंबराच्या जागीं सिटी सर्व्हे नंबर घ्यावा व तो मिळकत पत्रिकेशीं ताडून पाहावा. जाण्यायेण्याचा रस्ता कोणाच्या जमिनींतून आहे, हेंही त्याच वेळीं विचारावें.

आमच्या प्रकरणांत लिहून घेणार समंजस निघाले. मोजणी झाली, चूकदुरुस्तीपत्र नोंदलें गेलें. मात्र दोन हंगाम जमीन पडीक राहिली ती राहिलीच, आणि भाचीच्या शिक्षणाचे पैसे वकिलाकडे गेले.

दुरुस्तीपत्राचा मसुदा बहिणीनें पुनः माझ्याच हातीं दिला. मी चष्मा पुसूं लागलों, तशी ती म्हणाली, "दादा, आतां ऱ्हस्वदीर्घ राहूं दे. पूर्वेकडून वाच."