दारूबद्दल आपणच बोललं पाहिजे
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा गोषवारा)



आजवर आपण इथं भावाबद्दल बोललो, कर्जाबद्दल बोललो, विजेबद्दल बोललो. आज दारूबद्दल बोलायचं आहे.

शेतकऱ्यानं आत्महत्या केली की चौकशीला आलेला माणूस विचारतो, 'पीत होता का?' 'हो' म्हटलं की कागद मिटला. कर्ज नाही, भाव नाही, दारूनं मेला! या लबाडीविरुद्ध आपण भांडलो, पुढंही भांडणार. पण भांडता भांडता एक चूक झाली. बाहेरच्यांना उत्तर देताना घरातली बाटली आपणच झाकून ठेवली. तिचा हिशेब मायबहिणींनी एकटीनं मांडला. दुकानं बंद पाडायला त्या पुढं आल्या, बाटली आडवी करायला मतदान त्यांनी केलं. दुकान बंद झालं, पण पिणारा शेजारच्या गावाला जाऊ लागला. त्याचं काय करायचं?

त्याच्यावर उपचार आहेत. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, तिथून बरे होऊन आलेले लोक गावोगाव आहेत. पण काही आठवडे घर सोडायचं तर धारा कोण काढणार, पाणी कोण देणार? आणि लाज! माणूस एसटीत बसण्याआधी गावात बोभाटा होतो.

म्हणून फोनवरचा उपचार समजून घ्या. समुपदेशक फोनवर किंवा व्हिडिओवर ठरल्या वेळी बोलतो. तो प्रवचन देत नाही. किती पितोस, कधी पितोस, कुणाबरोबर पितोस, हे लिहून काढायला लावतो. बाजारच्या दिवशी पट्टी हातात पडली की पाय कुठं वळतात? त्या वेळी कोणत्या रस्त्यानं घरी यायचं? मित्रानं ग्लास पुढं केला तर काय बोलायचं? एखादे दिवशी पाय घसरला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कसं उभं राहायचं? असं एकेक ठरवायचं.

नुसत्या बोलण्यानं काय होतं, असं कुणी म्हणेल. गोव्यात 'संगथ' संस्थेनं सरकारी आरोग्य केंद्रांत हे करून पाहिलं. बोलणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. बैठका जास्तीत जास्त चार. २०१७ साली निकाल छापून आला. तीन महिन्यांनी शंभरातले ३६ जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते. ज्यांना ही बोलणी मिळाली नाहीत, त्यांच्यात २६. जादू नाही, पण शंभरामागं दहा घरं जास्त सावरली. ही बोलणी समोरासमोर झाली होती, हे खरं. पण त्यातली वही आणि प्रश्न फोनवरही चालतात. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभासुद्धा २०२०च्या टाळेबंदीत फोनवर आल्या.

दोन इशारे नीट ऐका. जो सकाळी उठल्याबरोबर पितो, न पिता ज्याचे हात थरथरतात, त्यानं एकदम दारू तोडू नये. दोन-तीन दिवसांत फिट येते, भ्रम होतो, जीवही जातो. त्याला आधी दवाखान्यात न्या, फोन नंतर. दुसरं, 'नवऱ्याला न कळता चहातून द्या' अशा जाहिराती मोबाइलवर येतात. बहिणींनो, त्यांच्या नादी लागू नका. चोरून दिलेल्या औषधावर तो प्यायला तर जिवावर बेतू शकतं.

सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फोन फुकट आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेला टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही फुकट आहे, तिथं मराठीत बोलता येतं. बायकोनं, आईनं लावला तरी चालतो.

कार्यकर्त्यांना माझं सांगणं एवढंच. हे दोन आकडे शाखेच्या फलकावर लिहा. ज्याच्या घरी एकच खोली आहे, त्याला बोलायला आपला गोठा, आपली खोली अर्धा तास मोकळी करून द्या. रेंज नसेल तर गाडीवर बसवून रेंज असेल तिथं न्या. आणि तो काय बोलला, हे चावडीवर सांगू नका.

भाव मागायला शुद्धीवर असलेला माणूस लागतो. आपल्या भावाला बेवडा म्हणून सोडून देऊ, तर त्याच्या मरणाचा कागद मिटवणाऱ्यांत आणि आपल्यांत फरक तो काय राहिला?