माजघराला खिडकी हवी



चुलीचा धूर झाला की डोळे चुरचुरतात. दूध करपलं की वास येतो. आज आम्ही अशा एका वायूची गोष्ट सांगणार आहोत, जो दिसत नाही. त्याला वास नाही, चव नाही. त्याचे नाव रेडॉन.

तो येतो कुठून? खडकात आणि मातीत युरेनियम नावाचा धातू थोडाथोडा असतो. तो आपोआप, फार हळू झिजतो. त्यातून पुढे रेडॉन निपजतो आणि जमिनीच्या भेगांतून वर येतो. रानात तो वाऱ्यावर पांगतो. बंद घरात मात्र साठतो. तो वर्षानुवर्षे श्वासातून आत गेला, तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. विडी ओढणाऱ्याला हा धोका फार मोठा.

१९८४ साली अमेरिकेत एक गृहस्थ अणुवीज केंद्रात कामाला जात. तिथल्या यंत्राने त्यांच्या अंगावर किरणोत्सर्ग दाखवला. पण केंद्रात अजून वीज तयारच होत नव्हती! शोध केला, तेव्हा रेडॉन त्यांच्या घरातच सापडला.

मग आपण कोल्हापूरकरांनी घाबरायचं का? नाही. आपला मुलूख काळ्या दगडाचा. या दगडात युरेनियम फार कमी असते. पण कमी म्हणजे मुळीच नाही, असे नव्हे.

रेडॉन मोजता येतो. एका लहान डबीत खास फिल्म लावून ती घरात काही महिने टांगतात. वायूचे कण फिल्मवर खुणा करतात. त्या खुणा प्रयोगशाळेत मोजतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशी डबी तयार केली आहे.

उपाय आपल्या हातात आहेत. जमिनीच्या भेगा बुजवा. अंधाऱ्या माजघराला खिडकी पाडा. समोरासमोर झरोके ठेवा, म्हणजे वारा खेळेल.

गगनबावड्याकडे पावसाळाभर दारं-खिडक्या बंद असतात. आत चुलीचा धूर कोंडतो. आयाबायांच्या आणि लेकरांच्या छातीला तो रोज त्रास देतो. म्हणून चुलीवर धुराडे हवेच. आणि कोळशाची शेगडी पेटती ठेवून बंद खोलीत कधी झोपू नका. तिच्यातूनही बिनवासाचा विषारी वायू निघतो. रेडॉनला वर्षं लागतात. हा एका रात्रीत जीव घेतो.

मंडळी, धान्याची कणगी लिंपून बंद करावी. माणसाचं घर तसं बंद करू नये. पाऊस उघडला की खिडकी उघडा. वाऱ्याला पैसे पडत नाहीत.